खड्डा, रबरी बूट आणि सैल पडलेलं स्टिअरिंग

भिवंडीहून वाड्याकडे निघालं की शेलार, कवाड, अनगाव मागे टाकत गाडी अंबाडी नाक्यावर येते. इथून एक फाटा वज्रेश्वरी, गणेशपुरीकडे आणि पुढे शिरसाडला मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जातो, तर सरळ रस्ता कुडूस-वाड्याच्या कारखान्यांकडे. भिवंडीची गोदामं आणि वाड्याचे कारखाने यांच्यामधली अवजड वाहतूक याच रस्त्यावरून चालते. त्यात कोकणपट्टीचा पाऊस. ट्रक आणि कंटेनरच्या चाकांनी उखडलेल्या याच रस्त्यावरून देवदर्शनाला निघालेल्या कुटुंबाची छोटी गाडीही जाते. अशा रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग वेळेआधी सैल पडतं, आणि पहिली खडखड ऐकू आली तरी बहुतेक मालक ‘रस्ताच तसा आहे’ म्हणून ती सोडून देतात. दुर्लक्ष करावं असा हा आवाज नाही.

स्टिअरिंग फिरवलं की त्याचा दांडा खाली पिनियन नावाचं लहान दातेरी चाक फिरवतो. पिनियनच्या दात्यांत बसलेली रॅक नावाची दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकाला टाय रॉड एंड. तो चाकाला वळवतो. चाक खड्ड्यात वर-खाली होत असतानाही वळता आलं पाहिजे, म्हणून हे जोड बॉल जॉइंटचे असतात. खांद्याच्या सांध्यासारखी खोबणीत बसलेली एक पोलादी गोळी, भोवती ग्रीस आणि वरून रबरी बूट, म्हणजे रबराचं आवरण. चाकाचा आधार असलेल्या लोअर आर्मलाही असाच बॉल जॉइंट असतो.

सगळा खेळ त्या बुटाचा आहे. बूट शाबूत असेल तर टाय रॉड एंड वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. पण खडी उडून किंवा ऊन-पावसाने रबर तडकलं की चिरेतून पाणी आत शिरतं, आणि त्याबरोबर खड्डे बुजवायला टाकलेल्या मुरुमाचा बारीक गाळही. ग्रीस धुऊन जातं, गाळ पॉलिश पेपरसारखं काम करतो आणि गोळी व खोबण दोन्ही झिजतात. गाडी जॅकवर घेऊन बुटाभोवती बोट फिरवलं तर हे कळतं. बोटाला चिकट ग्रीसऐवजी तांबूस, कचकच लागणारा राडा आला, तर पाणी आत पोचलेलं असतं. तिथे वरून ग्रीस चोपडून काही साधत नाही. जोड बदलावाच लागतो. रॅकच्या टोकांवरचे घडीचे बूट फाटले तर नुकसान आणखी मोठं, कारण पाणी थेट रॅकमध्ये जाऊन तिला गंज चढतो. बुटाचा खर्च किरकोळ, आख्ख्या रॅकचा मात्र खिसा रिकामा करणारा.

जोड असा झिजून सैल पडला की गॅरेजमध्ये मेकॅनिक त्याला ‘प्ले आलाय’ म्हणतात. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला खेचते, टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. पुढचं चाक जमिनीवरून उचलून दोन्ही बाजूंनी, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं आणि ते डुगडुगलं, तर संशय टाय रॉडवर. बारा आणि सहाच्या जागी धरल्यावर हललं तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग बघायची. झीज फारच पुढे गेली तर गोळी खोबणीतून निसटते आणि ते चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही.

चालवण्याच्या सवयीही झीज वाढवतात. खड्ड्यात उतरताना ब्रेक दाबलेलाच राहिला तर गाडीचं नाक आधीच खाली दबलेलं असतं आणि धक्का पचवायला सस्पेन्शनला जागा उरत नाही. वेग खड्ड्याच्या आधी कमी करावा आणि चाक आत जाताना ब्रेक सोडावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग गरागरा फिरवणं, मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवणं, हवा कमी ठेवणं, यांचाही भार शेवटी याच जोडांवर येतो.

प्रत्येक वेळी दोष रस्त्याचाच असतो असं मात्र नाही. जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या 87,599 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 या काळात बनलेल्या या गाड्यांमध्ये टाय रॉडचा एक भाग सदोष असण्याची, आणि क्वचित तो तुटण्याची शक्यता होती. ऑगस्ट 2024 मध्ये याच कंपनीने स्टिअरिंग गिअरबॉक्समधल्या संभाव्य दोषामुळे 2,555 ऑल्टो के-10 परत बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नका, असं मालकांना सांगितलं. दोष उघडपणे मान्य करून भाग फुकट बदलून देणं ही चांगलीच गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार सरकारलाही मिळाला असून 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू आहेत. म्हणून बूट शाबूत असताना, थोड्याच किलोमीटरमध्ये जोड सैल पडला, तर जुना भाग भंगारात न टाकता जपून ठेवावा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

बूट फाटून झालेल्या झिजेचं बिल मात्र मालकाच्याच खिशातून जातं. नेहमीच्या वापरातली झीज विमा कंपन्या भरून देत नाहीत. माणसांच्या बाबतीत मात्र मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये, तर जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. माणसाच्या जिवाची जबाबदारी यंत्रणांवर टाकणारा हा निर्णय फार आधीच यायला हवा होता. भिवंडी-वाडा रस्त्याने खड्ड्यांपायी माणसं गमावलेली आहेत आणि त्यासाठी इथले लोक रस्त्यावरही उतरलेले आहेत.

रस्ता सुधारेपर्यंत या भागातल्या गाडीमालकांनी वर्षातून निदान दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि पाऊस सरल्यावर, पुढची दोन्ही चाकं उचलून बूट आणि जोड तपासून घ्यावेत. सैल जोडांवर केलेलं चाकांचं अलाइनमेंट टिकत नाही, त्यामुळे आधी जोड पाहायला सांगावं, मग अलाइनमेंट. आणि टाय रॉड एंड बदलला असेल, तर अलाइनमेंट झाल्याशिवाय गाडी लांबच्या रस्त्याला काढू नये.