प्रतिनिधित्वाचे दोन अर्थ : इंदूर लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास

‘प्रतिनिधित्व’ या संज्ञेत दोन अर्थ एकत्र नांदतात. एक, दुसऱ्याच्या वतीने बोलणे. दोन, दुसऱ्यासारखे असणे. साहित्यविचारात हे दोन्ही अर्थ एकरूप मानले गेले की लेखक हा त्याच्या समाजाचा आपोआप प्रवक्ता ठरतो. निवडणुकीच्या राजकारणातही हेच गृहीतक वारंवार आढळते. इंदूर लोकसभा मतदारसंघाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

होळकरांच्या राजवटीमुळे इंदुरात मराठी भाषक समाज स्थिरावला. तथापि नगराचा आणि परिसराचा बहुसंख्य व्यवहार हिंदी व माळवी या भाषांतूनच चालत आला. पुढे कापडगिरण्यांमुळे येथे मोठा कामगारवर्ग निर्माण झाला. १९५६ पर्यंत मध्य भारत राज्यात आणि त्यानंतर मध्य प्रदेशात असलेल्या या मतदारसंघाने १९५२ मध्ये नंदलाल जोशी व १९५७ मध्ये कन्हैयालाल खादीवाला या काँग्रेसच्या उमेदवारांना निवडून दिले.

१९६२ मध्ये मात्र कम्युनिस्ट चळवळीतील कामगार नेते होमी दाजी अपक्ष म्हणून विजयी झाले. दाजी पारशी होते. इंदुरातील पारशी समाज संख्येने अत्यल्प असल्यामुळे या विजयाचे स्पष्टीकरण समाजगणनेत सापडत नाही. ते गिरणीच्या दारात शोधावे लागते. १९६७ व १९७१ मध्ये काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी निवडून आले. ते मुख्यमंत्री झाल्यानंतर १९७२ च्या पोटनिवडणुकीत रामसिंहभाई हे काँग्रेसचेच कामगार नेते विजयी झाले. १९७७ च्या काँग्रेसविरोधी लाटेत समाजवादी कल्याण जैन आले, तर १९८० व १९८४ मध्ये पुन्हा सेठी.

१९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या सुमित्रा महाजन यांनी माजी केंद्रीय गृहमंत्री असलेल्या सेठी यांचा पराभव केला. चिपळूण येथे जन्मलेल्या आणि विवाहानंतर इंदूरकर झालेल्या महाजन १९८९ ते २०१४ या काळात सलग आठ वेळा निवडून आल्या. २०१४ ते २०१९ या काळात त्या लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. या यशाचा संबंध मराठी मतांशी जोडण्याचा मोह होतो. परंतु अल्पसंख्य भाषिक गटाच्या बळावर एवढी दीर्घ मालिका घडू शकत नाही. २००९ मध्ये त्यांचे मताधिक्य ११,४८० वर आले आणि २०१४ मध्ये ते ४,६६,९०१ झाले. पाच वर्षांत नगराची भाषिक रचना एवढी बदलत नाही. बदलते ती राजकीय परिस्थिती. महाजन यांची मातृभाषा मराठी असली तरी त्यांच्या प्रतिनिधित्वाचा जनाधार हिंदीभाषी होता. २०१९ मध्ये त्यांच्या जागी आलेले सिंधी समाजातील शंकर लालवानी हेही बहुसंख्य भाषिक गटातील नव्हते, ही बाब याच निष्कर्षाला पुष्टी देते.

२०२४ ची निवडणूक या इतिहासात वेगळी ठरते. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, २९ एप्रिल रोजी, माघार घेतली. तेव्हा त्या पक्षाने मतदारांना ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय निवडण्याचे आवाहन केले. लालवानी ११,७५,०९२ मतांच्या आधिक्याने विजयी झाले. दुसऱ्या स्थानी कोणी व्यक्ती नव्हती, तर २,१८,६७४ नकारमते होती. यापूर्वीचा उच्चांक बिहारमधील गोपालगंजचा, २०१९ मधील ५१,६६० मतांचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने हा पर्याय मतदानयंत्रावर आला. मात्र नकारमते सर्वाधिक पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला अधिक मते, तोच विजयी ठरतो. म्हणजे नकाराची नोंद होते, परिणाम होत नाही.

दाजी, महाजन आणि लालवानी यांच्या विजयांवरून एवढे निश्चित म्हणता येते की मतदार आपले प्रतिरूपच शोधतो असे नाही. वेगळ्या भाषेच्या वा समाजाच्या व्यक्तीलाही तो आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार देतो. पण असा अधिकार देण्यासाठी निवडीला वाव असावा लागतो. हा वाव आकुंचित झाल्यावर दोन लाखांहून अधिक मतदारांनी केंद्रावर जाऊन कोणालाही तो अधिकार दिला नाही. या मतांना संसदेत आवाज नाही. परंतु त्यांना मौन म्हणणेही अचूक ठरणार नाही. प्रतिनिधित्वाची चर्चा करताना कोण कोणासारखा आहे, या प्रश्नाआधी निवड करणाऱ्यापुढे पर्याय कोणते होते, हे पाहिले पाहिजे.