जगलेल्या गांडुळांची मोजणी

मॅडमनी बरणीतली माती ट्रेमध्ये पसरली आणि एकेक गांडूळ बोटांनी उचलून ओल्या गाळणकागदावर ठेवायला सुरुवात केली. विदर्भातल्या एका महाविद्यालयाचा हा प्राणिशास्त्र विभाग. कपाशीवर मारतात त्या कीटकनाशकांचा गांडुळांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्या इथे करतात. आज चौदावा दिवस, म्हणजे मोजणीचा. गांडूळ निपचित दिसलं, तर बोथट काडीनं तोंडाकडच्या भागाला हळूच स्पर्श करायचा. तरीही आकसलं नाही, तर मेलं अशी नोंद.

बरणीतली माती शेतातली नसते. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन माती आणि १० टक्के पीट असं ते मिश्रण. प्रत्येक बरणीत दहा गांडुळं, आणि विषाच्या प्रत्येक मात्रेसाठी चार बरण्या. शिवाय काही बरण्यांत विष अजिबात नसतं. त्यांतलीच दहा टक्क्यांहून जास्त गांडुळं मेली, तर सगळा प्रयोग रद्द करून पुन्हा पहिल्यापासून. महिन्याची मेहनत अशी टाकून द्यायची तयारी असलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

“मेली किती, हे लगेच कळतं,” मॅडम म्हणाल्या. “जगली त्यांचं काय झालं, ते शोधायला वेळ लागतो.”

त्यासाठी ५६ दिवसांचा वेगळा प्रयोग असतो. अठ्ठाविसाव्या दिवशी मोठी गांडुळं काढून घ्यायची, त्यांनी घातलेले अंड्यांचे कोष मातीतच ठेवायचे. छप्पन्नाव्या दिवशी बरणी गरम पाण्यात ठेवली की उष्णतेनं पिल्लं वर येतात. दोऱ्याच्या तुकड्याएवढी, पांढुरकी. ज्या मात्रेला एकही मोठं गांडूळ मरत नाही, तिथेही पिल्लं घटलेली असू शकतात.

मग त्यांनी मला दोन छोट्या काचपात्रांपुढे उभं केलं. एकात विषाशी संबंध न आलेल्या गांडुळाचा अर्क, दुसऱ्यात विषाच्या मातीत राहिलेल्या गांडुळाचा. १९६१ साली एलमन यांनी मांडलेली ही पद्धत. रसायन टाकलं आणि पहिल्या पात्रात हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रंग चढत गेला. दुसरं फिकटच राहिलं. अर्क काढेपर्यंत दोन्ही गांडुळं जिवंत होती, सरपटत होती. पिवळा रंग म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर काम करतंय. मज्जातंतूचा निरोप पोचला की तो थांबवणारं हे विकर माणसातही असतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं तेच निकामी करतात. मग लाळ गळते, दरदरून घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो.

त्या फिकट पात्राकडे बघताना मला २०१७ चं यवतमाळ आठवलं. डोक्याएवढ्या उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अनेकांनी दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली होती. आमच्या घरीही वडील टोपणानं मोजायचे, काडीनं ढवळायचे. हातमोजे मी कधी पाहिले नाहीत.

औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण आपण सुरक्षिततेची खूण समजतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पण तो मुख्यतः किती मात्रेनं प्रयोगातले निम्मे उंदीर लगेच मरतात, यावरून ठरतो. पंपातल्या मिश्रणाचं काय होईल, रोज थोडं थोडं अंगावर पडलं तर काय होईल, यातलं काहीच तो सांगत नाही. पॅराक्वाट या तणनाशकावर लाल नाही, पिवळा त्रिकोण असतो आणि त्यावर उतारा नाही. हा त्रिकोण अपुरा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघताना मॅडमनी एक गोष्ट आवर्जून लिहायला सांगितली. फवारताना कोणाला चक्कर आली, मळमळलं, तर काम तिथेच थांबवा, कपडे उतरवून अंग साबणानं धुवा आणि दवाखान्यात नेताना औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घ्या. औषधं मिसळली असतील, तर सगळ्यांच्या बाटल्या किंवा लेबलं न्या. ऑरगॅनोफॉस्फेटच्या बाधेवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा चालतो, पॅराक्वाटवर चालत नाही. नेमकं काय फवारलं होतं, हे डॉक्टरांना त्या लेबलवरूनच लवकर कळतं.