पडद्यावरचा वाघ आणि उसातला बिबट्या

वन्यजीवनाचे नामवंत अभ्यासक वाल्मिक थापर यांचे ३१ मे २०२५ रोजी दिल्लीत निधन झाले. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १८ जून रोजी, मारुती चितमपल्ली यांनी सोलापुरात वयाच्या त्र्याण्णवव्या वर्षी जगाचा निरोप घेतला. थापर यांनी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरात वाघ आणला. चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला अरण्याची भाषा दिली. दोघांविषयी त्या काळात पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. परंतु शिरूर-दौंड भागात राहणाऱ्या माणसाला या दोघांचे स्मरण करताना एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या प्राण्यांवर प्रेम करावयास त्यांनी आपल्याला शिकविले, ते प्राणी अंगणात येऊन उभे राहिले, तर त्या प्रेमाचे काय होते?

थापर १९७६ साली प्रथम रणथंभोरला गेले, ते तिथलेच झाले. फत्तेसिंह राठोड यांच्यासारख्या जाणत्या वनाधिकाऱ्याच्या सहवासात त्यांनी वाघाचा अभ्यास केला. १९९७ साली बीबीसीने प्रसारित केलेल्या ‘लँड ऑफ द टायगर’ या सहा भागांच्या मालिकेने त्यांचा दाढीधारी चेहरा आणि घनगंभीर आवाज जगभर पोहोचविला. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन मगरीला मिठी मारून प्रेक्षकांना खिळवून ठेवीत. २००६ साली समुद्रात चित्रीकरण चालू असताना पाकट माशाच्या काट्याने त्यांचा अंत झाला. थापर यांची रीत निराळी होती. ते वाघाच्या अंगाशी जात नसत, त्याची वाट पाहत; आणि तो दिसला म्हणजे त्यांच्या डोळ्यांत जे कौतुक उमटे, ते प्रेक्षकांच्याही डोळ्यांत उतरे. ज्यांनी आयुष्यात रणथंभोर पाहिले नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, अशा लक्षावधी लोकांना वाघ आपला वाटू लागला, हे श्रेय लहान नव्हे.

मात्र पडद्यावरच्या प्रेमाला एक मर्यादा असते. ते फुकट असते. ज्या इच्छेमागे किंमत मोजण्याची तयारी नाही, तिला अर्थशास्त्रात मागणी म्हणत नाहीत. ती नुसती इच्छाच राहते. वाघ वाचावा असे म्हणणाऱ्या शहरी प्रेक्षकाला त्यासाठी आपली शेळी गमवावी लागत नाही, की संध्याकाळनंतर मुलांना घरात कोंडून ठेवावे लागत नाही. थापर यांना याची जाणीव होती. रणथंभोर फाउंडेशनच्या द्वारे त्यांनी उद्यानाभोवतीच्या गावांत काम उभे केले, ते याच जाणिवेतून. सरिस्कातील वाघ नाहीसे झाल्यानंतर २००५ साली केंद्र सरकारने नेमलेल्या व्याघ्र कृती दलाचे ते सदस्य होते आणि त्याच्या अहवालाला त्यांनी भिन्न मतपत्रिका जोडली. माणूस आणि वाघ एकाच जागेत सुखाने नांदतील ही आशा भाबडी आहे, वाघासाठी काही क्षेत्र तरी निर्मनुष्य राखले पाहिजे, असे त्यांचे आग्रही म्हणणे होते.

वाघापुरते हे म्हणणे बरोबर असेलही. पण आपल्या तालुक्यांत प्रश्न बिबट्याचा आहे आणि बिबट्यासाठी निराळे क्षेत्र राखावे, तर ते कोठे? एके काळी ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या या मुलखात घोड, कुकडी, चासकमान यांचे पाणी आले, भीमाकाठी उपसा योजना झाल्या आणि मैलोगणती ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. दाट आडोसा, बारमाही पाणी आणि वस्तीभोवतीची कुत्री, शेळ्या, डुकरे. बिबट्याला याहून अधिक काय हवे? तोडणीच्या हंगामात फडात बछडी सापडतात, हे आता नवलाचे राहिलेले नाही. या बछड्यांना डोंगरातले जंगल ठाऊक नाही. ऊस हेच त्यांचे जंगल आहे. तेव्हा ‘वनखात्याने आपले जनावर जंगलात न्यावे’ ही मागणी कितीही स्वाभाविक असली, तरी ती वस्तुस्थितीला धरून नाही. जुन्नर भागात या शतकाच्या प्रारंभी मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूर सोडण्यात आले, त्या काळात माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाने दाखवून दिले आहे. शिरूरशेजारच्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला बिबट्या २००९ साली माळशेज घाटात सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या वेशीपर्यंत गेला. ‘आजोबा’ या मराठी चित्रपटाने हा प्रवास घरोघरी पोहोचविला. तो पाहून आपण हळहळलो. त्यातला बोध मात्र घेतला नाही.

येथे चितमपल्लींचे स्मरण होते. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे उमेदीची वर्षे घालविली. पारधी, गोंड, कोरकू, धीवर यांच्याकडून त्यांनी पशुपक्ष्यांची नावे व सवयी टिपून घेतल्या आणि त्या मराठीत आणल्या. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी रूढ केले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ साली ‘पद्मश्री’ हे त्यांचे सन्मान झाले. परंतु ज्या गोष्टीला नेमके नाव नाही, तिचा नेमका विचारही करता येत नाही, ही त्यांच्या लेखनातून मिळणारी शिकवण मला त्या सन्मानांहून मोलाची वाटते. आमच्या गावांत बिबट्याला सर्रास ‘वाघ’ म्हणतात. उसातून आडवा गेलेला प्रत्येक बिबट्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘नरभक्षक’ होतो. माणसाला टाळून जगणारा बिबट्या कोणता आणि माणसावर चालून येणारा कोणता, हा भेद जोवर आपल्या भाषेत नाही, तोवर तो आपल्या धोरणातही येणार नाही.

तो भेद न केल्याची किंमत किती भयंकर असते, हे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिसले. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात मरण पावली. लोकांचा संताप अनावर झाला, वनखात्याचे वाहन जाळले गेले, महामार्ग अडविला गेला. अखेर ४ नोव्हेंबरच्या रात्री पिंपरखेडच्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी ५ नोव्हेंबर होता: चितमपल्लींचा, त्यांच्या मृत्यूनंतरचा पहिला जन्मदिवस आणि त्यांच्या व सालिम अलींच्या स्मरणार्थ राज्यात साजऱ्या होणाऱ्या पक्षी सप्ताहाचा पहिला दिवस. लेकरू गमावलेल्या घरासमोर उभे राहून प्राणिप्रेमाचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही. माणसावर हल्ले करणारा बिबट्या मारावा लागला, याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु तो मेल्याने प्रश्न सुटला असे मानणे ही आत्मवंचना आहे.

सार्वजनिक वस्तूंचा धडा शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, वाघ सगळ्या देशाचा, मग बिबट्या एकट्या आमचाच का?’ या प्रश्नात साऱ्या विषयाचे सार आहे. वन्यजीव टिकल्याचा लाभ सर्वांना मिळतो. त्याचा भार मात्र पाळीने रात्री उसाला पाणी देणारा शेतकरी, पहाटे वैरण कापणारी बाई, वाड्याबाहेर मेंढरे राखणारा धनगर आणि कोपीत मुले निजवून फडात उतरणारी तोडणी कामगार स्त्री यांच्यावर पडतो. साखर शहर खाते आणि बिबट्याची चित्रफीतही शहरच पाहते. मृत्यूनंतर वारसांना मिळणारी मदत राज्य शासनाने २५ लाख रुपयांपर्यंत वाढविली, हे योग्य झाले. परंतु भरपाई हानी झाल्यावर मिळते. भीतीची भरपाई कोणत्याच खतावणीत नाही. शाळा चुकविलेले दिवस, विकून टाकलेल्या शेळ्या, सूर्यास्तानंतर थांबलेली कामे यांचा हिशेब कोण मांडणार?

तो मांडायचा, तर खर्च हानीच्या आधी झाला पाहिजे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळाली, तर सर्वांत धोक्याच्या वेळी शेतकऱ्याला फडाजवळ जावे लागणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना याच हेतूची आहे. तिच्या अंमलबजावणीत बिबटप्रवण गावांना अग्रक्रम हवा. बंदिस्त गोठे, वस्त्यांवर दिवे, तोडणी कामगारांच्या मुलांसाठी सुरक्षित निवारा, हल्ल्याची खबर मिळताच पोहोचणारी प्रशिक्षित पथके यांना फार मोठा पैसा लागत नाही. लागते ती दरसालची नेमकी तरतूद. ही तरतूद ऊस उत्पादकाच्या बिलातून कापून नव्हे, तर राज्याच्या तिजोरीतून झाली पाहिजे. तिजोरीत शहराचाही पैसा असतो. पडद्यावरच्या वाघावर प्रेम करणाऱ्याने त्या प्रेमाचा आपला वाटा उचलण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

थापर यांनी आपल्याला पाहावयास शिकविले आणि चितमपल्लींनी ओळखावयास शिकविले. किंमत वाटून घेण्याचे काम त्यांनी आपल्याकडे सोपविले आहे. ते झाले नाही, तर त्यांच्या मालिका आणि त्यांची पुस्तके शहरातल्या कपाटांत जपून राहतील. पिंपरखेडच्या शाळेतली मुले मात्र ‘बिबट्या’ हा शब्द भीतीचाच म्हणून शिकतील.