'जसेच्या तसे' : वर्धापनाच्या गायनाकडून श्रोत्यांची अपेक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

दिनांक १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर आयर्लंडमधील 'यू-टू' ह्या रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. डब्लिन येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ह्या वृंदाचा भारतातील तो पहिलाच कार्यक्रम होता, आणि ज्या दौऱ्याचा तो भाग होता त्या दौऱ्याचा तो शेवटचाही होता. हा दौरा एका ध्वनिमुद्रिकासंचाच्या वर्धापनानिमित्त काढलेला होता. 'द जोशुआ ट्री' हा अकरा गीतांचा संच मार्च १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यास तीस वर्षे पूर्ण झाली म्हणून २०१७ मध्ये वृंदाने तो संपूर्ण संच मूळ अनुक्रमाने रंगमंचावर सादर करण्यास आरंभ केला, आणि तेच सूत्र घेऊन २०१९ मध्ये तो पूर्वेकडील देशांत आला.

अशा कार्यक्रमास येणारा श्रोता काही नवे ऐकण्यासाठी येत नाही. त्याला प्रत्येक गीत पाठ असते. इतकेच नव्हे, तर एका गीतानंतर कोणते गीत येणार हेही त्याला ठाऊक असते. त्याची मागणी एका मराठी पदात सांगता येते : 'जसेच्या तसे'. परंतु ही मागणी दिसते तितकी सरळ नाही. 'जसे–तसे' ही परस्परसापेक्ष अव्ययांची जोडी आहे. 'तसे' काय ते समोर घडत असते. 'जसे' मात्र कशाकडे निर्देश करते हे बोलणारा बहुधा सांगत नाही. प्रस्तुत लेखात ह्या 'जसे'चा निर्देश कोणकोणत्या गोष्टींकडे होऊ शकतो, आणि लोकगीतांच्या संकलकास त्याची दखल का घ्यावी लागते, ह्याचा विचार करावयाचा आहे.

२. मागणीचे शब्द

प्रथम श्रोत्यांच्या मागणीचे शब्द पाहू. आपल्या संगीत रंगभूमीवर आवडलेले पद पुन्हा म्हणावयास लावताना प्रेक्षक 'वन्स मोअर' असे म्हणत आले. हा शब्दप्रयोग इंग्रजी खरा. पण इंग्रज प्रेक्षक स्वतः अशा वेळी 'आंकोर' ह्या फ्रेंच शब्दाचा आश्रय करतो, आणि फ्रेंच प्रेक्षक लॅटिनमधील 'बिस' हा शब्द उच्चारतो. पुनरावृत्तीची मागणी करताना प्रत्येकाला परका शब्द जवळचा वाटावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. गायकाला मध्येच थांबवून आज्ञा करण्यातील उद्धटपणा परक्या शब्दामुळे थोडा झाकला जातो, असे तिचे स्पष्टीकरण देता येईल.

तमाशात व बैठकीच्या गाण्यात रूढ असलेला 'फर्माईश' हा दुसरा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी 'आज्ञा करणे' हाच अर्थ आहे. दोहोंमध्ये भेद इतकाच की 'वन्स मोअर' हा नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीचा पुनरुच्चार मागतो. 'फर्माईश' ही स्मरणातून निवड करते. वर्धापनाच्या दौऱ्यात ह्या दोन्ही मागण्या एकत्र येतात. तो तीस किंवा पन्नास वर्षांच्या अंतराने दिलेला 'वन्स मोअर' होय, आणि त्यातील फर्माईश श्रोत्याने तोंडाने सांगण्यापूर्वीच मान्य झालेली असते.

३. कथेचे 'जसे' : कुडपण व तानाजीचा पोवाडा

ध्वनिमुद्रणापूर्वीच्या श्रोत्याच्या मनातील 'जसे' कशा प्रकारचे होते, हे पाहण्यास पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव उपयोगी पडते. सह्याद्रीच्या माथ्यालगत, सातारा जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेले हे गाव परंपरेने शेलारमामांचे मानले जाते. त्याच तालुक्यात उमरठ येथे तानाजी मालुसरे ह्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडच्या झुंजीचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा अॅकवर्थ व शाळिग्राम ह्यांच्या १८९१ च्या संग्रहात छापला गेला. पोवाड्याच्या परंपरेत ऐंशी वर्षांचे शेलारमामा ठळकपणे वावरतात. उलट सभासद बखरीत तानाजी पडल्यानंतर झुंज सावरण्याचे श्रेय त्याचा भाऊ सूर्याजी ह्यास दिलेले आहे. प्रसंग एकच, परंतु त्यातील कोणाच्या नावावर भार द्यावयाचा हे सांगणारा व ऐकणारा ह्यांच्या संबंधावर अवलंबून राहते.

समजा, कुडपणच्या एखाद्या अंगणात हा पोवाडा उभा राहिला आणि शाहिराने दहा-वीस ओळी गाळल्या, एखादे वर्णन वाढविले, चालही थोडी बदलली. श्रोत्यांची त्यास हरकत असणार नाही. परंतु त्याने शेलारमामांचा प्रसंगच वगळला, तर 'पोवाडा जसा आहे तसा म्हटला नाही' असा आक्षेप तत्काळ येईल. येथे 'जसे'चा निर्देश शब्दांकडे नसून कथेच्या सांध्यांकडे आहे.

ह्या अनुमानास बाहेरच्या संशोधनाचा आधार मिळतो. मिल्मन पॅरी ह्यांनी १९३३ ते १९३५ ह्या काळात युगोस्लाव्हियातील वीरगीते गाणाऱ्या शाहिरांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांचे शिष्य अॅल्बर्ट लॉर्ड ह्यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) ह्या ग्रंथात दाखविले की, 'मी गीत शब्दाला शब्द तेच गातो' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या गायकाची दोन गायने ताडून पाहिली असता ती शब्दशः कधीच जुळत नाहीत. गायक खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी 'शब्द' म्हणजे छापील पानावर दोन मोकळ्या जागांमध्ये बसणारे पद नव्हे. ते एक पुरे कथन होते. मराठीतही 'चार शब्द बोला' ह्या विनंतीतील 'शब्द' मोजावयाचे नसतात.

रोमान याकोब्सन व प्योत्र बोगातिरेव्ह ह्यांनी १९२९ च्या एका निबंधात लोकवाङ्मयाच्या बाबतीत समाजाच्या 'प्रतिबंधक नियंत्रणा'ची कल्पना मांडली आहे. समाज जे स्वीकारीत नाही ते मौखिक परंपरेत टिकतच नाही. म्हणून श्रोत्यांची अपेक्षा ही रचनेच्या बाहेरची गोष्ट नसून रचनेचाच घटक आहे. कुडपणच्या श्रोत्याचे नियंत्रण कडक असले तरी त्याचे क्षेत्र मर्यादित आहे : प्रसंग राखा, बाकी तुमचे तुम्ही पाहा.

४. ध्वनिमुद्रिकेचे 'जसे' : गीतरामायण

ध्वनिमुद्रणाने हे क्षेत्र विस्तारले. त्याचे आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण गीतरामायणाचे होय. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके ह्यांच्या संगीतात, १९५५–५६ ह्या वर्षी पुणे आकाशवाणीवरून आठवड्यास एक ह्याप्रमाणे प्रसारित झाली. त्या मूळ प्रसारणात ही गीते एकट्या फडक्यांनी गायिलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आदी अनेक गायक-गायिका त्यांत होत्या. पुढे फडके ह्यांनी रंगमंचावर एकट्याने गीतरामायणाचे असंख्य प्रयोग केले, आणि त्यांच्याच आवाजातील ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचल्या. परिणाम असा झाला की, आज 'मूळ गीतरामायण' असे म्हणताना बहुसंख्य श्रोत्यांच्या कानात जे असते ते कालदृष्ट्या मूळ नव्हेच. 'जसे' हे पहिल्या घटनेकडे निर्देश करीत नाही. जे सर्वाधिक वेळा ऐकले त्याकडे ते निर्देश करते.

कुडपणचा श्रोता प्रसंगाचे साम्य मागत होता. ध्वनिमुद्रिकेचा श्रोता तान, श्वास, विराम ह्या सर्वांचे साम्य मागतो. २००२ मध्ये फडके निवर्तल्यावर श्रीधर फडके गीतरामायण गात राहिले, तेव्हा श्रोत्यांची तुलना पाठाशी नव्हती, आवाजाशी होती. गायक वृद्ध झाला तर त्याची तुलना स्वतःच्याच तरुण आवाजाशी होते. वयपरत्वे स्वरपट्टी खाली आणणे ही शरीराची गरज असते; पण ध्वनिमुद्रिका वृद्ध होत नाही.

५. स्मरणाचे 'जसे' : वर्धापन-दौरा

आता पुन्हा नेरूळच्या कार्यक्रमाकडे वळू. संपूर्ण संच अनुक्रमाने गाणे हे ध्वनिमुद्रिकेशी इमान राखण्याचे टोक वाटेल. परंतु ह्या इमानातूनच तीन अडचणी उद्भवतात.

पहिली अनुक्रमाची. 'द जोशुआ ट्री' मधील सर्वांत लोकप्रिय तीन गीते आरंभीच येतात. ध्वनिमुद्रिकेस हे चालते. रंगमंचाची रूढी मात्र लोकप्रिय गीत शेवटी राखून ठेवण्याची आहे. ह्यावर वृंदाने असा उपाय योजला की, संचाच्या आधी व नंतर इतर काळांतील गीते घालावयाची. म्हणजे अनुक्रम जसाच्या तसा ठेवण्यासाठी त्याच्याभोवती नवा अनुक्रम रचावा लागला.

दुसरी अडचण अधिक उद्बोधक आहे. संचातील 'रेड हिल मायनिंग टाउन' हे गीत १९८७ नंतर तीस वर्षे वृंदाने श्रोत्यांसमोर गायिलेच नव्हते; ते प्रथम २०१७ च्या दौऱ्यात गायिले गेले. पुनरावृत्तीच्या समारंभात एक प्रथम प्रयोग दडलेला होता. तेथे 'जसे'ला ध्वनिमुद्रिकेखेरीज दुसरा संदर्भच नव्हता.

तिसरी अडचण व्यक्तींची. रोलिंग स्टोन्स ह्या वृंदाने २०२२ मध्ये साठाव्या वर्षाचा दौरा काढला, तो ढोलवादक चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये निवर्तल्यानंतर. 'यू-टू'ने २०२३–२४ मध्ये लास व्हेगास येथे आपला १९९१ चा संच सादर केला, तेव्हा लॅरी मलन वादनास नव्हते. दोन्ही ठिकाणी श्रोते आले. ह्यावरून असे दिसते की श्रोत्याचे 'जसे' अखेरीस ध्वनिमुद्रिकेपाशीही थांबत नाही. ते स्वतःच्या स्मरणाकडे, ते गीत प्रथम ऐकले तेव्हाच्या आपल्या वयाकडे निर्देश करते. ही मागणी कोणताही गायक पुरी करू शकत नाही. श्रोताच ती स्वतःसाठी पुरी करून घेतो, आणि गायक त्यास निमित्त होतो.

६. उलट अपेक्षा

सर्वच लोकप्रिय गायनाकडून पुनरावृत्तीची अपेक्षा असते असे मात्र नाही. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील, आणि मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या नाट्यगृहांतीलही, शक्ती-तुऱ्याचा सामना ह्याच्या अगदी उलट आहे. तेथे एका पक्षाच्या सवालास दुसऱ्याने त्याच रात्री जबाब द्यावयाचा असतो. गतवर्षीचाच जबाब जसाच्या तसा दिला तर तो पराभव समजला जातो. त्याच परिसरातील तोच श्रोता पोवाड्यात प्रसंगाची स्थिरता मागतो आणि शक्ती-तुऱ्यात नावीन्य मागतो. म्हणून 'ग्रामीण श्रोता परंपराप्रिय असतो' हे विधान निरर्थक ठरते. अपेक्षा श्रोत्याच्या स्वभावाची नसून गीतप्रकाराची असते.

७. संकलकाची जबाबदारी

ह्या विवेचनाचा आपल्या कामाशी निकटचा संबंध आहे. आपले विद्यार्थी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन गावोगाव जातात आणि एका शाहिराचे एका रात्रीचे गायन नोंदवून आणतात. ती नोंद पुढे ग्रंथालयात राहते, प्रसृत होते, गावातही परत जाते. मग नव्या पिढीचा श्रोता तिच्यावरून शाहिरास दुरुस्त करू लागतो. कालपर्यंत जे वैविध्य होते ते आज चूक ठरते. कुडपणच्या अंगणातील प्रसंगापुरते असलेले नियंत्रण नेरूळच्या क्रीडांगणावरील नियंत्रणासारखे होते, आणि हा बदल परंपरेने केलेला नसून आपण केलेला असतो.

नोंद न करणे हा त्यावरील उपाय नव्हे. नोंद न झालेले गीत गायकाबरोबरच जाते. उपाय असा की, एकाच गायकाची एकाच गीताची किमान दोन गायने, शक्य तर दोन भिन्न श्रोतृवर्गांसमोरची, नोंदवावीत. प्रत्येकीवर स्थळ, दिनांक व श्रोते ह्यांचा निर्देश असावा. आणि 'मूळ पाठ' हे शब्द, कोणत्या अर्थाने मूळ ते सांगितल्याशिवाय, वापरू नयेत. गायक 'जसेच्या तसे म्हटले' असे सांगेल तेव्हा ते लिहून घ्यावेच. परंतु कशाच्या जसे, हा प्रश्न त्याला, त्याच्या श्रोत्यांना आणि स्वतःलाही विचारल्यावाचून संकलकाने गाव सोडू नये.