सेन्सर बदलण्याआधी तीन तारा मोजा

तळकोकणातून कोल्हापूरला येणारी गाडी करूळ घाट चढून गगनबावड्याला पोहोचते. वळणावर ॲक्सिलरेटर सोडायचा, वळण संपताच दाबायचा. अशाच चढावर एखादी गाडी आचके देऊ लागते, पिकअप घेत नाही आणि ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनरवर ‘पी०१२३’ हा कोड दिसतो: थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. मग नवा सेन्सर मागवला जातो. पण कोडने बोट दाखवले आहे ते सर्किटकडे, आणि सर्किटमध्ये तारा, कपलरही आले.

इंजिनात किती हवा जावी, हे थ्रॉटलची झडप ठरवते आणि झडप किती उघडली, हे सेन्सर सांगतो. केबलच्या थ्रॉटलमध्ये तो बहुधा जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा असतो: एक रोधक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा संपर्क. पट्टीच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ. संपर्काची तार सिग्नलची. झडप मिटलेली असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५च्या आसपास.

आता अर्थची तार तुटली असे समजा. पट्टीतून प्रवाहच वाहणार नाही, म्हणून व्होल्टेज कुठेच घटणार नाही. झडप मिटलेली असो वा उघडी, सिग्नलवर जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट. कोड येतो, पण सेन्सर ठणठणीत असतो.

म्हणून कपलर जोडलेलाच ठेवायचा. इग्निशन चालू, इंजिन बंद. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिन्ही तारा पाहायच्या. पुरवठ्याच्या तारेवर ५ व्होल्ट हवेत. अर्थवर जवळपास शून्य हवे. तिथे व्होल्टेज दिसले, तर जोड खराब. मग झडप हळूहळू उघडत सिग्नल पाहायचा. तो सलग चढला पाहिजे. मध्येच कोसळला आणि तारा हलवूनही फरक पडला नाही, तर पट्टी झिजली, सेन्सर खरोखर गेला.

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये दोन सिग्नल असतात. ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर संगणक गाडीची ताकद मुद्दाम रोखतो. तिथेही आधी पुरवठा आणि अर्थच तपासायचे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला कारागीर व्हर्निअर लावल्याशिवाय जॉब पास करत नाही. विजेच्या दोषालाही तोच न्याय हवा. घाटमाथ्यावरच्या पावसात अर्थची पिन हिरवी पडली असेल, तर नवा सेन्सर बसवूनही दिवा पुन्हा लागेल. पिन साफ करून घट्ट बसवली, तर जुनाच सेन्सर काम देईल.