‘पुढे’ हे बटण दाबण्यापूर्वी
(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाचा विषय निघाला की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसावे, असा एक समज महाविद्यालयात रूढ आहे. यंत्राचे पोट कसे चालते ते विज्ञानवाल्यांनी पाहावे, आम्ही आपले केशवसुत आणि मर्ढेकर वाचावेत! परंतु संगणकाच्या कामात एक जागा अशी आहे, की जिथे गणितापेक्षा भाषेची आणि माणसाच्या ओळखीची गरज अधिक पडते. ती जागा म्हणजे ‘सेटअप’ची पाने. त्यांच्याविषयी मला जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

सेटअप म्हणजे काय?

विंडोजवर कोणताही नवा प्रोग्राम बसवायचा तर प्रथम त्याचा सेटअप चालवावा लागतो. प्रोग्रामच्या फायली योग्य जागी ठेवणे, स्टार्ट मेनूत त्याचे नाव घालणे, विंडोजच्या नोंदवहीत त्याची नोंद करणे आणि पुढेमागे तो काढून टाकण्याची सोय करणे, ही सेटअपची कामे. ही कामे करण्यापूर्वी तो आपल्याला एकामागून एक पाने दाखवतो. स्वागताचे पान, अटी-शर्तींचे पान, प्रोग्राम कोठे ठेवायचा हे विचारणारे पान आणि शेवटी ‘आता सुरू करू का?’ असे विचारणारे पान. प्रत्येक पानाखाली ‘मागे’, ‘पुढे’ आणि ‘रद्द’ अशी बटणे असतात. अशा पानाला इंग्रजीत ‘डायलॉग’ म्हणतात. डायलॉग म्हणजे संवाद. पण आपल्यापैकी किती जण तो संवाद म्हणून वाचतात? बहुतेक जण ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबून मोकळे होतात.

माझी आई मासळी विकते. तिला अक्षरओळख बेताचीच आहे. पण कोणताही कागद पुढे आला की ती म्हणते, “आधी वाच, मग मी अंगठा उठवते.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे घरातले आणि शेजारचेही कागद वाचण्याचे काम माझ्याकडे असते. न वाचता दाबलेले ‘पुढे’ आणि न वाचता उठवलेला अंगठा यांत मला फारसा फरक दिसत नाही. फरक असलाच तर एवढाच, की कागद दुसऱ्याकडून वाचून घेता येतो. संगणकापुढे मात्र माणूस एकटा असतो.

एका हंगामाचा हिशेब

मी खारदांड्याच्या कोळीवाड्यात राहते. मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. तो सहकारी सोसायट्यांमार्फत, होडीनिहाय नोंदींवरून मिळतो. म्हणजे कोणत्या होडीने किती लिटर डिझेल उचलले ही नोंद आमच्या लोकांच्या दृष्टीने रोख पैशासारखीच आहे. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत या हिशेबासाठी बाहेरून विकत आणलेला एक प्रोग्राम होता. त्याच्या सेटअपमध्ये ‘नोंदी कोठे ठेवायच्या?’ हा प्रश्न विचारलेला होता, पण तो इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि सी ड्राइव्हमधली एक जागा आधीच भरून ठेवून. हिशेब लिहिणाऱ्या काकांनी ‘पुढे’ दाबले. पुढे संगणक बिघडला, दुरुस्तीवाल्याने सी ड्राइव्ह पुसून विंडोज पुन्हा बसवले आणि त्याबरोबर एका हंगामाच्या साऱ्या नोंदी गेल्या. मग पावत्यांचे गठ्ठे सोडून त्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. भरायला मी आणि माझी चुलत बहीण बसलो होतो. काका म्हणाले, “बाय, तो विचारत व्हता आन मी निसता मान हलवत व्हतो.”

त्यानंतर वाड्यातल्याच एका डिप्लोमा झालेल्या दादाने सोसायटीसाठी नवा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याच्या सेटअपची पाने मराठीत करण्याचे काम मला दिले.

स्वतःचे पान कसे घालतात?

सेटअप तयार करण्याची साधने अनेक आहेत. त्यांपैकी ‘इनो सेटअप’ हे जॉर्डन रसेल यांचे साधन १९९७ पासून चालत आले आहे आणि शिकणाऱ्याला पैसे न मोजता मिळते. यात सेटअपची सारी कृती एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहायची असते. कोणत्या फायली घ्यायच्या, कोठे ठेवायच्या, कोणत्या भाषा दाखवायच्या, यांचे त्यात वेगवेगळे विभाग असतात. नेहमीची पाने आयती मिळतात. आपले स्वतःचे पान हवे असेल तर ‘कोड’ नावाच्या विभागात पास्कल भाषेत चार ओळी लिहाव्या लागतात.

सेटअप सुरू होताच ‘इनिशिअलाइझविझार्ड’ ही कृती एकदा चालते. आपली पाने तिथेच निर्माण करायची. पानांचे काही ठरीव साचे आहेत. नाव किंवा आकडा लिहून घ्यायचा असेल तर ‘क्रिएटइनपुटक्वेरीपेज’, अनेकांतून एक पर्याय निवडायचा असेल तर ‘क्रिएटइनपुटऑप्शनपेज’, फोल्डर निवडायचा असेल तर ‘क्रिएटइनपुटडिरपेज’. यांपैकी कोणताच साचा चालत नसेल तर कोरे पान घेऊन त्यावर आपल्या मनाप्रमाणे रकाने मांडता येतात. प्रत्येक साच्याला आपण सांगायचे ते इतकेच : हे पान कोणत्या पानानंतर यावे, त्याचे शीर्षक काय, खुलासा काय आणि प्रश्न कोणते. ‘मागे’ आणि ‘पुढे’ यांची जोडणी तो स्वतः करून घेतो.

आम्ही दोन पाने घातली. पहिल्यावर सोसायटीचे नाव आणि हिशेबाचे वर्ष. दुसऱ्यावर नोंदींची जागा. मिळालेली उत्तरे पुढे फोल्डर तयार करताना वापरली जातात. शिवाय ‘अपडेटरेडीमेमो’ या कृतीने ती शेवटच्या ‘सुरू करू का?’ या पानावर पुन्हा दाखवता येतात. दुकानदार जसा पैसे घेण्यापूर्वी सामानाची यादी एकदा वाचून दाखवतो, तसेच हे आहे.

उत्तर तपासणे

प्रश्न विचारून भागत नाही, उत्तरही तपासावे लागते. ‘पुढे’ दाबताच ‘नेक्स्टबटनक्लिक’ ही कृती चालते. तिने ‘खरे’ असे उत्तर दिले तर पान उलटते. ‘खोटे’ असे दिले तर माणूस त्याच पानावर राहतो. नाव रिकामे असेल, वर्ष चार आकडी नसेल किंवा जागा सी ड्राइव्हवरची असेल, तर येथेच अडवून कारण सांगता येते. मात्र कारण सांगितल्याशिवाय अडवू नये. नुसते ‘चुकीची माहिती’ असे म्हणणे म्हणजे खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज मुकाट्याने परत ढकलण्यासारखे आहे.

येथे मराठीची एक खास अडचण येते. मराठी कळफलकावर काकांनी ‘२०२५’ असे वर्ष लिहिले, तर संगणकाच्या लेखी तो आकडाच नव्हे! कारण युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि देवनागरी शून्याचा २४०६. आकड्यात रूपांतर करणारी साधी कृती फक्त पहिल्या जातीचे अंक ओळखते. उपाय मात्र सोपा आहे. देवनागरी अंक दिसला की त्याच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे. तोच अंक इंग्रजीत मिळतो. दादाने तीन ओळींत हे काम केले. काकांना त्यांच्या सवयीचे अंक सोडावे लागले नाहीत.

देवनागरीची वाट

ही पाने मराठीत दिसणेही पूर्वी सोपे नव्हते. विंडोजमध्ये अक्षरांसाठी ‘कोडपेज’ नावाचे तक्ते असत. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी १२५२, रशियन लिपीसाठी १२५१, थाईसाठी ८७४. देवनागरीसाठी असा तक्ताच नव्हता. म्हणून मराठी मजकूर खास फाँट वापरून इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवला जाई. तो फाँट संगणकात नसेल तर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसत. आता गंमत पाहा : फाँट संगणकात घालण्याचे काम सेटअपचे, आणि सेटअपची पाने तर फाँट घालण्याच्या आधी दिसायची! मग ती मराठीत वाचणार कोण? १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीला स्वतःची जागा होती. पुढे विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा देवनागरी फाँट विंडोजबरोबरच येऊ लागला आणि हा तिढा सुटला.

तरी एक खाच उरतेच. विंडोजने मराठीला ११०२ हा क्रमांक दिला आहे; हिंदीचा १०८१, कोकणीचा ११११. सेटअप हा क्रमांक पाहून आपली भाषा निवडतो. पण सोसायटीतले विंडोज इंग्रजीत आहे. त्यामुळे मराठी पाने असूनही तो आपण होऊन इंग्रजीच पुढे करणार. म्हणून आम्ही अगदी सुरुवातीला भाषा विचारणारी यादी ठेवली.

मोठ्या यंत्राची रीत

मोठ्या कचेऱ्यांत ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही मायक्रोसॉफ्टची पद्धत अधिक वापरली जाते. ती ऑफिस २००० बरोबर, म्हणजे १९९९ च्या सुमारास आली. यातला सेटअप म्हणजे तक्त्यांचा एक संग्रह असतो. पाने, त्यांवरील बटणे आणि बटणांची कामे हीसुद्धा तक्त्यांतच लिहिलेली. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये खुले केलेले ‘विक्स’ हे साधन हे तक्ते लिहिण्यास मदत करते. तेथे दोन पानांच्या मध्ये आपले पान घालायचे तर शेजारच्या दोन्ही पानांच्या जोडण्या बदलाव्या लागतात. आधीच्या पानाचे ‘पुढे’ आपल्याकडे वळवायचे आणि नंतरच्या पानाचे ‘मागे’ही. दुसरे विसरले की परत फिरणारा माणूस आपले पान ओलांडून भलतीकडे जातो.

या पद्धतीत विचारणे आणि करणे ही दोन वेगळी घरे आहेत. पाने पहिल्या घरात दिसतात. फायली दुसऱ्या घरात, अधिक अधिकार असलेल्या सेवेकडून ठेवल्या जातात. पहिल्या घरातले उत्तर दुसऱ्या घरात पोहोचावे यासाठी त्या उत्तराचे नाव संपूर्णपणे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे लागते. एक जरी अक्षर लहान राहिले तरी उत्तर उंबऱ्यातच अडते. माणसाने नीट उत्तर दिलेले असते, पण काम करणाऱ्याच्या कानी ते जातच नाही. असे आपल्या व्यवहारातही घडत नाही काय?

शब्दांचा प्रश्न

माझा सर्वांत अधिक वेळ गेला तो शब्दांवर. ‘इन्स्टॉल’ला संगणकाच्या मराठीत ‘प्रतिष्ठापन’ हा शब्द आढळतो. आमच्या वाड्यात प्रतिष्ठापना गणपतीची होते. डिझेलच्या हिशेबाची नाही. मी ‘बसवा’ असे लिहिले. होडीवर इंजिन बसवतात, तसा संगणकावर प्रोग्राम बसवायचा. ‘वर्ष’ या शब्दानेही असेच अडवले. सोसायटीच्या वहीचे वर्ष एप्रिल ते मार्च. पण नाखव्याचे वर्ष पावसाळ्यातली बंदी उठून होड्या पाण्यात उतरल्या की सुरू होते. म्हणून प्रश्न असा केला : ‘हिशेबाचे वर्ष (एप्रिल ते मार्च) कोणत्या सालापासून?’ आणि तिसरा प्रश्न असा : ‘डिझेलच्या नोंदी कोठे ठेवायच्या? संगणक दुरुस्तीत सी ड्राइव्ह पुसला जाऊ शकतो, म्हणून दुसरी जागा निवडा.’ दादा म्हणाला, वाक्य लांब झाले. मी म्हटले, लांब झाले तरी चालेल. हे एकच वाक्य आधी असते तर आम्हाला पावत्यांचे गठ्ठे सोडावे लागले नसते. वाक्य तसेच राहिले. मात्र आपल्या मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून ओळीची उंची थोडी वाढवावी लागली. नाहीतर ‘कु’ आणि ‘क’ यांत फरकच उरत नव्हता.

किती प्रश्न विचारावेत, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. ज्या उत्तराचा उपयोग नाही, तो प्रश्न विचारूच नये. जे नंतर प्रोग्राममध्ये बदलता येते, ते सेटअपमध्ये विचारू नये. आधीच्या एका उत्तराने दुसरा प्रश्न निरर्थक ठरत असेल, तर ‘शुडस्किपपेज’ या कृतीने ते पान गाळता येते. कधी कधी तंत्रज्ञ सेटअप ‘मुक्याने’, म्हणजे एकही पान न दाखवता चालवतो. अशा वेळी आधीच भरून ठेवलेले उत्तरच ग्राह्य धरले जाते. म्हणून ते निरुपद्रवी असावे. इनो सेटअप मुक्यानेही ‘नेक्स्टबटनक्लिक’ची तपासणी करतोच, उत्तर पटले नाही तर तो काम न करता थांबतो. चुकीच्या जागी नोंदी ठेवण्यापेक्षा थांबलेले पुष्कळ बरे.

मराठी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते, की यंत्राने माणसाला काय विचारावे आणि कोणत्या शब्दांत विचारावे, हे ठरवण्याचे काम केवळ यंत्र जाणणाऱ्यांवर सोडून चालणार नाही. काकांना कोणता शब्द कळेल हे जाणणारा माणूसही तेथे हवा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे काका, अशी आई आहे. त्यांची भाषा आपल्याला येते, आणि आता थोडी यंत्राचीही येऊ लागली आहे. सोसायट्यांत, पतपेढ्यांत, ग्रंथालयांत अशी कितीतरी पाने अजून मराठीत लिहायची राहिली आहेत.