'दिल्ली क्राइम': पोलीस तपास असा दाखवावा

2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणाच्या तपासावर बेतलेला 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन (2019) अजून पाहिला नसेल, तर आवर्जून पाहा. दिग्दर्शक रिची मेहता. भाग फक्त सात.

अत्याचार पडद्यावर दाखवलेलाच नाही. दिसतो तो तपास: सीसीटीव्ही फुटेजमधून एक पांढरी बस हुडकणं, मग एकेका आरोपीचा माग. त्यातच पोलीस ठाण्यातली वीज जाते, बाहेर जमावाचा संताप वाढत असतो. डीसीपी वर्तिका झालेली शेफाली शाह नुसत्या डोळ्यांनी बोलते.

2020 मध्ये सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी मिळवणारी ही पहिली भारतीय मालिका. मन घट्ट करून बघा, पण चुकवू नका!